दार कुणी लावलं

आमच्या खालच्या मजल्यावर ऑपरेटर काका राहतात. त्यांचं थिएटर पाडून तिथे दुकानं झाली त्यालाही बरीच वर्षं झाली, पण जिन्यात कुणी नवा माणूस भेटला की ते अजूनही सांगतात, "मी ऑपरेटर." समोरच्याला वाटतं, लिफ्टचे. मग ते दुखावतात आणि त्याला अर्धा तास सिनेमाच्या मशीनची केबिन समजावून सांगतात. मागच्या भिंतीतल्या छोट्याशा काचेतून त्यांनी आयुष्यभर सिनेमे पाहिले. मशीनच्या खडखडाटात संवाद मात्र त्यांना कधी धड ऐकू आले नाहीत, आणि आता तर टीव्हीतलं बोलणंही नीट कळत नाही.

माझ्या लेकीचं नेमकं उलट. तिला जन्मापासून दिसत नाही. शाळेत असताना एकदा ती जिन्यात त्यांच्या टीव्हीचा आवाज ऐकून थांबली आणि दारातूनच विचारती झाली, "काका, आत्ता कुणी कुणाला मारलं?"

"हिरोने मेव्हण्याला. ये आत, सांगतो."

तेव्हापासून तिचा मुक्काम खालीच. ती त्यांना संवाद सांगते, ते तिला चित्र सांगतात, आणि दोघांचा मिळून एक सिनेमा होतो. ते तिला 'साहेब' म्हणतात, कारण ती हुकूम सोडते. "नुसतं 'सुंदर दिसतेय' चालणार नाही, काका. केस कसे?" "विस्कटलेत, साहेब. आणि जरा तेल कमी आहे." मी वर स्वयंपाकघरात हे ऐकून हसायचे. मला वाटायचं, बरं आहे, पोर सुरक्षित आहे, माझ्या हाकेच्या अंतरावर आहे.

त्या सगळ्या सिनेमांत तिचा एक लाडका आहे. एक पाय ओढत चालणारी शिंपीण भावाच्या घरी राहते, रात्रंदिवस शिवते, वहिनीची बोलणी खाते. तिला दूरच्या शहरात काम मिळतं. शेवटी ती पिशवी घेऊन निघते, गल्लीच्या वळणावर क्षणभर थांबते आणि पुढे चालू लागते. मागे भाऊ दार लावून घेतो. हे सगळं मला लेकीकडूनच माहीत. तो सिनेमा मी कधी पाहिला नव्हता, पण त्या भावाला तिने घातलेल्या शिव्या मात्र मला पाठ आहेत.

आता ती मोठी झाली. लांबच्या शहरातल्या कॉलेजात तिला फिजिओथेरपीला जागा मिळाली. राहायचं हॉस्टेलवर. होकार सोमवारी फोनवर कळवायचा होता. नवरा म्हणाला, "जाऊ दे तिला." याला काय जातंय म्हणायला! मला डोळे मिटले की रस्ता दिसायचा, गाड्या, उघडी गटारं, अनोळखी जिने. मी तिला एकेक भीती सांगत गेले आणि ती प्रत्येक वेळी एकच उत्तर देत गेली.

"शिंपीण गेली ना? तिचा तर पायही धड नव्हता."

"अगं, तो सिनेमा आहे."

"मग काय झालं? मी तिला तुझ्या बहिणींपेक्षा जास्त ओळखते."

शनिवारी दुपारी ती क्लासला गेल्यावर मी कॉम्प्युटरवर तो सिनेमा लावला. माझ्या लेकीला घरातून ओढून नेणारी ही बाई आहे तरी कोण, ते मला बघायचं होतं.

शेवट आला. शिंपीण पिशवी घेऊन निघाली. गल्लीच्या वळणावर थांबली. इथवर सगळं तसंच. मग ती वळली आणि पाय ओढत घराकडे परत आली. दार ढकललं, आत गेली, आणि आतून कडी घातली. संगीत. समाप्त. भाऊ त्या दृश्यात कुठेच नव्हता.

मी तीन-तीनदा मागे नेऊन पाहिलं. मग तशीच खाली गेले.

काका दाढी करत होते. अर्ध्या गालाला फेस. माझा चेहरा बघूनच त्यांनी वस्तरा खाली ठेवला.

"ती परत येते, काका."

"कोण?" म्हणाले, पण त्यांना कळलं होतं.

"वेड पांघरू नका."

ते खुर्चीत बसले. "वहिनी, थिएटरात पहिल्या खेळाला मी पूर्ण दाखवला होता. दिवे लागले. माणसं एकमेकांकडे न बघता निघून गेली. एक बाई बसूनच राहिली. डोअरकीपर म्हणाला, बाई, उठा. तर ती म्हणते, पुन्हा लावायला सांगा, कदाचित या वेळी जाईल." त्यांनी गालावरचा फेस पुसला. "पुढच्या खेळापासून ती वळायच्या आत मी दिव्यापुढची झडप पाडायला लागलो. आवाज बंद, हॉलमधले दिवे चालू. ती चाललीच आहे, असं लोक समजले."

"आणि मॅनेजर?"

"मॅनेजरने कधी कुठला सिनेमा शेवटपर्यंत बघितलाय?"

"पण इथे टीव्हीवर तर आवाज चालू होता. पावलं जवळ येतात, ते तिला कळलं नाही?"

"कळलं तर! लगेच विचारलं. मी म्हणालो, कॅमेरा तिच्यासोबत चाललाय. मग कडी वाजली. आता कडीचं काय करू? भावाच्या गळ्यात मारली." क्षणभर त्यांना स्वतःच्या हुशारीचं हसू आलं, पण मला हसू येत नाहीये हे बघून त्यांनी ते आवरलं. "सांगणार तिला?"

"तुम्ही माझ्या पोरीला एका खोट्या बाईच्या भरवशावर घराबाहेर काढताय."

"काढत नाहीये मी. तुम्ही आई आहात, हक्क तुमचा. पण सांगितलंत तर ती माझ्याकडे येणार नाही."

मी वर आले. खरं सांगायचं तर मला त्यांचा राग कमी आणि आनंद जास्त झाला होता. सोमवारच्या आत माझ्या हातात तिला थांबवणारं एक वाक्य आलं होतं. भाजी चिरताना ते मी मनात दहादा म्हणून पाहिलं. प्रत्येक वेळी सुरी थांबली.

संध्याकाळी तिला शेजारी बसवून मी शेवटची पाच मिनिटं लावली. "आज मी सांगते," म्हणाले. ती खूश झाली. पाय ओढल्याचा आवाज आला, थांबला, पुन्हा सुरू झाला.

"कुठे चाललीय, आई?"

अजूनही वेळ होता. "पुढे," एवढं म्हटलं असतं तर संपलं असतं.

"परत येतेय," मी म्हणाले. "दार उघडलं. आत गेली. कडी तिनेच लावली."

"भाऊ?"

"भाऊ नाहीच आहे तिथे."

मग तिने हात पुढे करून कॉम्प्युटर बंद केला, काठी न घेता भिंतीला हात लावत जिना उतरली, आणि मी मागोमाग जाऊन मधल्या पायरीवर उभी राहिले.

"इतकी वर्षं मी त्या भावाला शिव्या घातल्या!"

"तसा माणूस वाईटच होता, साहेब."

"साहेब म्हणू नका मला. अजून काय काय बदललंत? तो बोटीवरचा म्हातारा? तो खरंच पोहत किनाऱ्याला लागला?"

काकांची खुर्ची करकरली.

"म्हणजे तो मेला. आणि ते जुळे भाऊ, शेवटी भेटले ते?"

"ते भेटले. शपथ."

"आता मी कशावर विश्वास ठेवू? माझी माणसं होती ती, काका. त्यातली खरी किती आणि तुमची किती, ते मी कसं ओळखायचं?"

मला आत जाऊन तिला घेऊन यावंसं वाटलं. हेच तर मला हवं होतं ना, ती डळमळायला? पण तिचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता, आणि तो बंद व्हावा म्हणून त्या क्षणी मी काहीही दिलं असतं.

मग ती म्हणाली, "लावा परत. खरं सांगा."

टीव्ही सुरू झाला. पावलं वाजली, थांबली.

"वळणावर उभी आहे," काका म्हणाले. "पिशवी या हातातून त्या हातात घेतेय. वळली."

"चेहरा?"

"घाबरलीय."

"नुसतं तेवढं नको. कशी?"

"ओठ घट्ट. पापणी लवत नाहीये. गळ्याशी शीर उडतेय. इतकी घाबरलीय, की स्वतःचं घर ओळखल्यासारखंही बघत नाहीये."

दार वाजलं, कडी वाजली. लेक हळूच म्हणाली, "हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत? मला वाटायचं, ती घाबरलीच नव्हती. मी रोज सकाळी उठते तेव्हा माझं पोट असं गच्च असतं, आणि मला माझीच लाज वाटायची, की शिंपीण अशी नव्हती म्हणून."

"मग आता नको जाऊस," काका म्हणाले. ते रडत होते असं मला वाटतं. "राहा इथेच."

"मी जाऊ की नको, ते तिला विचारून ठरवणार नाही. तुम्हालाही नाही." मग आवाज चढवून, "आणि आईलाही नाही. आई, जिन्यात उभी राहून ऐकू नकोस, बांगड्या वाजतात तुझ्या."

रविवारभर ती कुणाशीच बोलली नाही. काकांनी दोनदा दारात येऊन खोकून पाहिलं. तिने दार उघडलं नाही, मलाही उघडू दिलं नाही. सोमवारी तिने स्वतः फोन लावला. मी ओट्यापाशी उभी होते. गॅस पेटवायचा राहून गेला होता.

"हो, येतेय मी," ती म्हणाली. फोन या हातातून त्या हातात घेतला. "आणि एक विचारायचं होतं. मला नवीन रस्त्यांची भीती वाटते. सुरुवातीला माझ्यासोबत चालायला कुणी मिळेल का?"

पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. ती "बरं, बरं" म्हणत होती आणि मी तिच्या ओठांकडे बघत होते.

आज रात्री घर झोपलंय आणि मी हे लिहीत बसलेय. तिची बॅग भरून झालीय. माझी भीती तसूभरही कमी झालेली नाही. संध्याकाळी ती खाली जाऊन आली. काय बोलणं झालं, मी विचारलं नाही. येताना मात्र म्हणाली, "आई, मी सुट्टीत येईपर्यंत काका एकही सिनेमा लावणार नाहीयेत. म्हणाले, संवाद कोण सांगणार? तू जाशील का अधूनमधून?"

जाईन म्हणाले.