ॲडम डॉड्स यांनी न काढलेली घंटा

ॲडम पर्व्हस डॉड्स. जन्म ११ मार्च १९३१, मृत्यू ६ फेब्रुवारी १९९४, दोन्ही कोल्डनेस येथे. व्यवसाय नळजोडणीचा. अविवाहित. आमच्या पाणबुड्यांच्या क्लबचे ते बत्तीस वर्षे सभासद होते. त्यांपैकी एकवीस वर्षे चिटणीसपद माझ्याकडे होते. खालील तारखा क्लबच्या नोंदवहीवरून पडताळलेल्या आहेत.

‘लेडी मेरिडन’ ही आगबोट नोव्हेंबर १९०७ मध्ये धुक्यात स्पिटल खडकावर चढली आणि फुटली. एकोणीस माणसे गेली. तेरा प्रेते किनाऱ्याला लागली, ती आमच्या दफनभूमीत एकत्र पुरली आहेत. उरलेले सहा जण बॉयलरवर कोळसा टाकणारे; ते कधीच सापडले नाहीत. बोट जेमतेम छत्तीस फूट पाण्यात पडली आहे. त्यामुळे कोणीही उपटसुंभ रविवारची न्याहारी उरकून तेथे बुडी मारू शकतो, आणि मारतो.

डॉड्स यांची पहिली बुडी १९६२ सालची. बॉयलरशेजारच्या वाळूत त्यांना एक बूट दिसला. रिकामा समजून त्यांनी तो उलटा केला, तेव्हा वाळूबरोबर पावलाची बारीक हाडे त्यांच्या तळहातावर आली. तोंडातल्या नळीतच त्यांना उलटी झाली. हाडे त्यांनी होती तशी बुटात भरली, बूट जागेवर ठेवला आणि मग ते वर आले. त्यानंतर त्या बोटीवरचा एक खिळाही त्यांनी कधी उचलला नाही.

इतरांचा व्यवहार निराळा होता. पहारी आणि छिन्न्या घेऊन ते खाली जात, आणि गिधाडांनी मेलेल्या गुरावर बसावे तसे त्या सांगाड्यावर बसत. एका गोल पितळी खिडकीचा आरसा करून तो बंदरावरच्या दारूच्या गुत्त्याच्या मुतारीत लावला गेला. बुडालेल्यांच्या खिडकीत तोंड पाहत आमचे सभ्य नागरिक पँटची बटणे लावीत. रॅनल्ड स्पॉटिसवुड हे दंतवैद्य घरच्या न्हाणीतल्या टबात तेजाब ओतून पितळ स्वच्छ करीत, आणि त्याच टबात पुढे त्यांची मुले आंघोळ करीत.

या लुटीलाही एक शिस्त होती. ज्या वस्तूजवळ एखाद्याने आपला हातोडा ठेवला, ती दुसऱ्याने शिवायची नाही. मात्र हातोडेवाल्याने एप्रिल ते सप्टेंबर या हंगामात एकदा तरी स्वतः तेथे बुडी मारली पाहिजे, नाहीतर हक्क संपला. हा क्लबचा नियम चौदावा.

१९७१ मध्ये पुढच्या डेकच्या पत्र्याखाली, कोळसा टाकणाऱ्यांच्या झोपायच्या जागेत, डॉड्स यांना बोटीची घंटा सापडली. त्यांनी शेजारी हातोडा ठेवला आणि घंटा तशीच राहू दिली. दर हंगामात एकदा जाऊन ते गंजका हातोडा बदलीत. बावीस वर्षे हे चालले.

“काय रे ॲडम,” स्पॉटिसवुड विचारीत, “घंटा काढतोयस की अंडी उबवतोयस?”

“उबवतोय. लांब राहा, कोंबडी टोचते.”

१९९३ च्या मार्चमध्ये त्यांच्या हृदयाने दगा दिला आणि डॉक्टरांनी बुड्या बंद केल्या. अभिमानापायी त्यांनी ही गोष्ट सप्टेंबरपर्यंत दडवली. मग माझ्याकडे आले.

“मास्तर, यंदा माझ्याऐवजी तुम्ही हातोडा बदलून या ना.”

“नियमात ‘स्वतः’ असा शब्द आहे, ॲडम.”

“कुणी घातला तो?”

“मी.”

“मग काढा की!”

“त्याला सर्वसाधारण सभा लागते. ती नोव्हेंबरात.”

“तुम्ही ना, मास्तर, बुडतानासुद्धा आधी अर्ज भराल!”

तीस सप्टेंबरला ते रबरी पोशाख चढवून धक्क्यावर आले. ईशान्येचा वारा सुटला होता. समुद्र शांत असता तरीही मी त्यांना क्लबची नाव दिली नसती. तसे मी त्यांना सांगितले. ते दोराच्या खुंटावर बसून राहिले. स्पॉटिसवुड मोटारीची काच खाली करून, मटणाची पेस्ट्री चावत म्हणाले, “घरी जा ॲडम, सर्दी होईल. उद्यापासून बघतो आम्ही.”

तीन ऑक्टोबरला समुद्र निवळला. स्पॉटिसवुड यांनी डेकचा पत्रा पहारीने फाडला आणि हवेच्या पिशवीला बांधून घंटा वर आणली. धक्क्यावर डॉड्स उभे होते.

“पत्रा उचकटलास तेव्हा खालून काय सांडलं, बघितलंस?”

“गाळ. दुसरं काय असणार?”

“बघितलंस का?”

“अरे, पाण्यात काही दिसतं का तेव्हा! नियमानं काढलीय, तुझ्या मास्तरांना विचार.”

डॉड्स पाठ फिरवून घरी चालू लागले. संध्याकाळी घंटेवर हक्क सांगणारे स्पॉटिसवुड यांचे पत्र आले, नियम चौदाव्याच्या हवाल्यासह. त्यात बोट ठेवावे असे एक अक्षर मला सापडले नाही, आणि एवढी शिसारी मला कोणत्याही कागदाची आली नव्हती. ते मी नोंदवहीत चिकटवले, आणि हात दोनदा धुतले.

नोव्हेंबरच्या सभेत ‘स्वतः’ हा शब्द चौदा विरुद्ध नऊ मतांनी गाळला गेला. डॉड्स आजारी असल्याने उपस्थित नव्हते. फेब्रुवारीत ते वारले. वर्षभरात घंटेवर कोणी मालकी सांगितली नाही, म्हणून सरकारी अधिकाऱ्याने ती काढणाऱ्यालाच दिली. ती स्पॉटिसवुड यांच्या जेवणघरात टांगलेली आहे. सूप वाढले की ते ती वाजवतात आणि पाहुणे हसतात.

ती दफनभूमीत तेरा जणांच्या थडग्यापाशी बसवावी, अशी लेखी विनंती मी मार्च १९९५ मध्ये त्यांना केली. त्यानंतर दोन स्मरणपत्रे धाडली. उत्तर आलेले नाही.