बाहेरून सगळं हिरवं

आमच्या टीममध्ये किस्से फार साठतात, यार. कारण सोपं आहे. आमचं काम नीट झालं तर काहीच घडत नाही, आणि काहीच घडलं नाही म्हणून कोणी फोन करत नाही. फोन येतो तो बोंब मारायलाच! मग त्याचा किस्सा होतो. घडत असताना मात्र कोणाला हसू आलेलं नसतं, हे आधीच सांगून ठेवते.

आम्ही चौघं. नोएडाच्या एका काचेच्या बिल्डिंगमध्ये बसतो आणि हॉस्पिटलांच्या, लॅबच्या वेबसाइट चालू आहेत की बंद पडल्यात ते बघतो. बर्वे सर आमचे मुख्य. दिल्लीत करोल बागेत जन्मले, आता गाझियाबादला राहतात. सलमा मुजावर आणि मी आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये वाढलेल्या. आणि चौथा त्यागी. त्याला आमचं मराठी सगळं कळतं, पण उत्तर द्यायची वेळ आली की हिंदीत पळतो.

आणि नाना. सरांचे वडील. केंद्र सरकारात अंडर सेक्रेटरी होऊन रिटायर झालेले. होळीच्या सुमारास त्यांना लकवा झाला, तेव्हापासून डोळे उघडे पण बोलणं बंद. सरांना एकच जाणून घ्यायचं होतं, नानांना काही समजतंय की नाही. सरांची बहीण, ताई, पुण्याला असते. ती फोनवर म्हणायची, "विनू, त्यांना आता कुठे आहोत हेही कळत नाही रे. इकडच्या केअर होममध्ये ठेवू या." सर म्हणायचे, "आणि कळत असेल तर?"

*

त्यागी नवा होता तेव्हाची गोष्ट. सर त्याला काम समजावत होते.

"हे बघ, आपण घरात शिरत नाही. बाहेरून बेल वाजवायची. आतून 'कोण आहे?' असं आलं की घर चालू. आत भांडण चाललंय की स्वयंपाक, ते आपल्याला दिसत नाही. याला ब्लॅक बॉक्स मॉनिटरिंग म्हणतात."

त्यागीनं मान डोलावली. मग म्हणाला, "और सर, अंदर से तोता बोल रहा हो तो?"

आम्ही दोघी खो खो हसलो. एरवी सर सगळ्यात मोठ्यांदा हसतात. त्या दिवशी ते म्हणाले, "अच्छा सवाल है," आणि पाणी प्यायला निघून गेले. नानांना हॉस्पिटलातून घरी आणून तेव्हा जेमतेम आठवडा झाला होता.

*

तोता लवकरच भेटला!

एका लॅबची साइट होती, पेशंट तिथून आपले रिपोर्ट बघायचे. आमच्या बोर्डवर, म्हणजे साइट चालू तर हिरवी आणि बंद तर लाल दाखवणाऱ्या स्क्रीनवर, ती शनिवार-रविवार हिरवीगार. सोमवारी लॅबच्या मॅनेजरचा फोन. "मैडम, आपका बोर्ड हरा है, और यहाँ लोग काउंटर पर चढ़ गए हैं!"

झालं होतं असं, की साइट उघडत होती, पण उघडल्यावर 'सेवा बंद है' एवढंच दिसत होतं. पान आलं ना? आलं. मग आमच्या हिशोबानं हिरवं!

सलमा चिडली. तिनं नवी सेटिंग केली: नुसतं पान येऊन चालणार नाही, त्यात 'रिपोर्ट' हा शब्द सापडला तरच हिरवं. आम्ही तिची पाठ थोपटली, समोसे मागवले.

महिन्याभरात पुन्हा तोच फोन. बोर्ड हिरवा, काउंटरवर लोक. सलमानं साइट उघडली. पानावर मोठ्या अक्षरात होतं, 'रिपोर्ट उपलब्ध नहीं है.'

मॅनेजरकडून फोन मागून घेऊन एक बाई मला म्हणाल्या, "गाँठ की रिपोर्ट है बेटा, बस इतना बता दो कि कब मिलेगी." समोसे त्या दिवशी कोणी मागवले नाहीत.

*

मग गाझियाबादला रस्ता खोदणाऱ्या मशीननं केबल तोडली. एका हॉस्पिटलची अपॉइंटमेंटची साइट दिवसभर बंद, आणि आमचा बोर्ड? अर्थातच हिरवा! कारण बाहेरून बघणारं आमचं यंत्र हॉस्पिटलच्याच सर्व्हरशेजारी, त्याच कपाटात ठेवलेलं होतं. ते बिचारं बाहेर कधी गेलंच नव्हतं.

हॉस्पिटलवाल्यांनी सरांना उभं केलं. "आप तो बाहर से देखते हैं ना?"

सर म्हणाले, "जी. सर्वर के डिब्बे के बाहर से."

आठवडाभरात यंत्रं खरोखरच बाहेर गेली. एक डबी त्यागीच्या घरी, एक सरांच्या.

आता त्यागीच्या घरची डबी रोज सकाळी पाच-दहा मिनिटं लाल व्हायची. इंटरनेट कंपनीला फोन झाले, वायर बदलली, सरांनी मोठी मीटिंग घेतली. शेवटी त्यागी एक दिवस सुट्टी घेऊन डबीसमोर ठाण मांडून बसला आणि ग्रुपवर मेसेज टाकला: "सर, मम्मी प्लग निकालकर चटनी पीसती हैं."

सरांची डबी नानांच्या खोलीत होती. तिच्यावर एक छोटा हिरवा दिवा लुकलुकतो. एकदा चहा पिताना सर मला म्हणाले, "नीलू, नाना त्या दिव्याकडे बघत असतात गं. की डोळे नुसते त्या बाजूला असतात? डॉक्टरला विचारलं. तो म्हणतो, बाहर से कुछ बता नहीं सकते." मग स्वतःच हसले. "बाहर से! मलाच सांगतोय!" ते हसणं मला अजून आवडत नाही.

*

हा किस्सा सलमाचा. वेबसाइटला एक सर्टिफिकेट असतं, तिचं ओळखपत्र म्हणा. त्याची मुदत संपली की उघडणाऱ्याला लाल पाटी दिसते, आणि लोक घाबरून पळतात. म्हणून मुदत संपायच्या महिनाभर आधीपासून आमची सिस्टीम ईमेल पाठवत राहते.

एका सकाळी मोठ्या हॉस्पिटलवर लाल पाटी! सर लालबुंद. "ईमेल गेलीच नाही?" गेली होती. रोज गेली होती. शेवटच्या आठवड्यात तर दिवसातून दोनदा. रावतजींना.

रावतजी आमचे जुने सीनियर. त्यागी यायच्या आधी, दिवाळीच्या सुमारास वारले. आम्ही सगळे निगमबोध घाटाच्या स्मशानात गेलो होतो, परत आलो आणि पुढे त्यांची खुर्ची त्यागीला दिली. सेटिंगमधलं नाव काढायचं कोणालाच सुचलं नाही.

सलमानं त्यांचा मेलबॉक्स उघडला. 'अर्जेंट', 'अर्जेंट', 'कृपया तुरंत ध्यान दें', खालपर्यंत नुसतं तेच.

ती म्हणाली, "बिचाऱ्यांना मेल्यावर तरी सुट्टी द्यायची होती!"

*

सर रोज जेवणाच्या सुट्टीत घरी फोन लावतात. नानांना सांभाळणारी सुनीता फोन त्यांच्या कानाशी धरते. सर म्हणतात, "नाना, मी विनू. ऐकू येतंय का?" आणि थांबतात. मग, "बरं, ठेवतो," आणि डबा उघडतात.

एकदा असेच थांबले होते. आम्ही सगळे पोळीचा तुकडा हातात धरून बसलो होतो. आणि त्यागीच्या तोंडून, अगदी हळू, निघून गेलं, "टाइमआउट." साइटच्या उत्तराची वाट बघायची मुदत संपली की आमची सिस्टीम हेच लिहिते.

सरांना ऐकू गेलं. सलमानं त्यागीला टेबलाखालून अशी लाथ मारली की डबा हलला! त्यागी पांढराफटक.

सरांनी फोन खाली ठेवला. "त्यागी, आपला टाइमआउट किती ठेवलाय?"

"पाँच सेकंड, सर. सॉरी, सर."

"वाढव."

दुसऱ्या दिवसापासून सर फोनवर जास्त वेळ थांबायला लागले. आमची भाजी गार व्हायची.

*

आणि हा मागच्या नोव्हेंबरातला.

पेन्शनवाल्यांना दरवर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, म्हणजे आपण जिवंत आहोत हे सरकारला कळवायचं. आता ते फोनच्या कॅमेऱ्यानं घरबसल्या होतं. चेहरा दाखवायचा, आणि अ‍ॅप सांगेल तेव्हा डोळे मिचकवायचे. नुसता फोटो समोर धरून कोणी फसवू नये म्हणून.

सरांनी तीन-चारदा एकट्यानं करून बघितलं, जमेना. मग शनिवारी सकाळी आम्ही तिघं गाझियाबादला गेलो. त्याच दिवशी संध्याकाळी ताई पुण्याहून येणार होती, केअर होमचं पक्कं करायला. सरांच्या बायकोनं, वहिनींनी, पोहे केले होते, पण ताटल्या तशाच ठेवून आम्ही नानांच्या खोलीत गेलो.

त्यागीनं नानांना मागून उशीचा टेकू दिला. सलमानं फोन धरला. स्क्रीनवर आलं, 'पलकें झपकाइए.'

"नाना, डोळे मिटा," सर म्हणाले. नाना टक लावून बघत राहिले. वेळ संपला.

"नाना, अहो एकदाच!" वहिनी म्हणाल्या. वेळ संपला.

"बाबूजी, आँख बंद कीजिए ना," सुनीता म्हणाली. तेच. नाना अधूनमधून पापणी लववायचे, पण स्क्रीनवर ओळ आली की नेमके बघतच राहायचे. बघवेना, खरं सांगते. अ‍ॅप दर वेळी सांगायचं की जिवंत चेहरा सापडला नाही.

सर खुर्चीत बसले. त्या घरात नाना आणि मुलं यांच्यात फक्त मराठी, हा नानांचाच कायदा. शाळेतून येऊन हिंदी शब्द बोललं की नाना पाठ फिरवायचे, असं सर सांगायचे. सरांनी त्यांना लहानपणापासूनचं सगळं मराठीत सांगून बघितलं. आजोळ, आईचं नाव, ताईचं लग्न. मग म्हणाले, "राहू दे, सलमा. ताई बरोबर म्हणते. मीच उगाच..." आणि फोन घ्यायला हात पुढे केला.

सलमानं फोन खाली घेतला नाही. ओढणी नीट केली, जरा वाकली आणि आर. के. पुरमच्या सरकारी ऑफिसात बोलतात तशा आवाजात म्हणाली,

"बर्वे साहब, माफ़ कीजिए, फ़ाइल आपके दस्तख़त के लिए रुकी हुई है. डायरेक्टर साहब दो बार पूछ चुके हैं."

नानांनी डोळे मिटले. उघडले.

फोन टिंग वाजला, दाखला झाला. तिकडे कोणी बघितलंच नाही. कारण चादरीवर नानांचा उजवा हात हलत होता. अंगठा आणि दोन बोटं पेन धरल्यासारखी जुळली, हळूहळू पुढे सरकली, थांबली, आणि मग खाली एक रेघ ओढली.

सुनीतानं तोंडावर हात धरला. बर्वे सर उठले, पलंगाशी गुडघ्यांवर बसले, आणि जन्मात पहिल्यांदा आपल्या वडलांशी हिंदीत बोलले.

"साहब, एक फ़ाइल और है."