वसंता खोटं बोलला नव्हता

सलमानियाच्या इस्पितळातून शेजारच्या दिनेशचा फोन आला, तेव्हा मी हूऱ्यातल्या आमच्या भाड्याच्या खोलीत डाळीला फोडणी देत होतो. "तात्या, वसंता गेला." गॅस बंद केला आणि तसाच खाली बसलो... छातीत दुखतंय म्हणून त्याला नेलं, तेव्हाही मी भेटायला गेलो नव्हतो. बरा होऊन येऊ दे, मग बघू, असं माझं चाललं होतं.

आम्ही दोघे गुहागरकडचे, अर्धा जन्म इथे आखातात एका खोलीत काढलेले. कंपनीचं काम सरकारी शाळांतले आग विझवायचे सिलिंडर तपासायचं. उघडून जुनी पावडर काढायची, नवी भरायची, त्याचे पैसे सरकार देणार. साहेब म्हणायचा, "यल्ला, स्टिकर बदला, खलास!" मी सिलिंडर पुसून नवा स्टिकर चिकटवायचो, सुपरवायझर म्हणून वसंता सही करायचा. मग एका शाळेत वायरी पेटल्या आणि सिलिंडर दाबला तर काहीच बाहेर येईना. पोरं वाचली, पण वसंता जेवेना. त्याने सरकारकडे तक्रार केली. स्वतःच्या सहीसकट सगळं सांगितलं. कंपनीने त्याला काढलं आणि कोर्टात त्यालाच खोटारडा ठरवायला निघाली.

त्याला साक्षीदार हवा होता.

"तात्या, तू नुसतं खरं सांग."

"तक्रार करताना विचारलंस मला? आता बरा तात्या आठवला!"

"तुझा व्हिसा जाईल म्हणून नाही बोललो रे."

"आणि आता गेला तर चालेल?"

मी वसंताच्या वकिलाला सांगितलं, मला काही माहीत नाही. नंतर एका खोलीत राहूनही त्याच्याशी बोललो नाही. लोक म्हणतात, म्हातारा घाबरला. घाबरतोय कसला! मला न विचारल्याचा राग होता. घाबरलो असतो तर वसंताने माफ तरी केलं असतं...

गेल्या आठवड्यात त्याच वकिलाकडे गेलो. सरकारची चौकशी अजून चालू आहे. स्टिकर मीच लावले, हे लिहून देऊन खाली माझी सही केली. वकील म्हणाला, "अंकल, नौकरी जाएगी."

"जाने दो," म्हटलं.

खोलीत शेगडीजवळ वसंताने स्वतःच्या पैशाने आणलेला आग विझवायचा छोटा सिलिंडर आहे. पावडर आत घट्ट बसू नये म्हणून दर शुक्रवारी तो उलटा करून कानाशी धरायचा. मी हसायचो, "खोली आहे की विमानतळ?" आता शुक्रवारी मी धरतो. आतली पावडर सरसरत खाली येते... ती थांबेपर्यंत कान बाजूला घेववत नाही.