विधवेच्या बांगड्या

कोल्हापूरच्या महाराजांच्या राज्यात प्लेग पुन्हा आला आणि त्यात आमचे मालक गेले. आम्हा दोघा नवराबायकोचा बाप्तिस्मा होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. भावकीच्या हाती आयतंच कोलीत मिळालं. "देव सोडला, देवानं नेला," असं कसबा बावड्यातल्या आमच्या गल्लीत ज्याच्या त्याच्या तोंडी. ज्यांनी देव सोडला नव्हता त्यांच्या दारातूनही तिरड्या निघत होत्या, पण त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं.

मालकांना पुरून परतलो आणि सासूबाई वरवंटा घेऊन माझ्या पुढ्यात बसल्या. माझ्या बांगड्या वाढवायच्या होत्या. हात धरायला भावकीतल्या बायका आलेल्या. मी हात पदराखाली घेतले.

"मालक शेवटच्या दिवशी पुन्हा जित्ते उठणार हायती. प्रभूनं तसं सांगितलंय. उठणाऱ्या माणसाच्या बायकोनं बांगड्या कशापाय फोडायच्या?"

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "फोडणार नसशील तर हा उंबरा वलांड. पुन्हा तोंड दाखवू नगंस."

ओलांडला. खरं सांगायचं तर त्या दिवशी तो विश्वास नव्हता, नुसता हट्ट होता. मिशनच्या आवारात एक खोली मिळाली, दळणकांडणाचं काम मिळालं. पहाटे जात्यावर बसायचे, रडायचे आणि खुंटा धरून प्रभूशी कडाकडा भांडायचे. भांडता भांडता त्याच्याशी बोलायची सवय लागली. मग एके दिवशी लक्षात आलं, की आपण रडत नाही, गातोय. चाल ओवीची, नाव प्रभूचं, आवाज मात्र फुटका. पोटाला अर्धी भाकरी आणि डोक्यावर गळकी कौलं, यात आनंद व्हावा असं काय होतं? पण झाला, आणि कुणाच्या बापाला तो काढून घेता आला नाही.

कामाच्या हातात बांगड्या टिकत नाहीत. एकेक करत गेल्या. शेवटची पाटा धुताना गेली, तेव्हा मिशनच्या चर्चमधल्या पाळकांच्या पत्नी मायेनंच म्हणाल्या, "आता राहू दे गं. भरायच्याच असतील तर लांबच्या बाजारात जा, आणि विधवा आहेस हे सांगू नकोस." मला हसू आलं. चोरून भरायच्या होत्या तर घर कशाला सोडलं असतं?

मी कोल्हापूरच्या भर बाजारात गेले. बांगडीवाले चाचा पोत्यावर बसले होते. शेजारी त्यांची तरुण लेक बांगड्यांचे जोड लावत होती. दोघीतिघी बायका हात भरून घ्यायला थांबलेल्या.

"चाचा, हिरव्या भरा. आधीच सांगते, मी विधवा हाय."

बायका झटक्यात उठल्या. विधवेला बांगड्या भरणाऱ्याकडून आपला हात भरून घ्यायचा म्हणजे अपशकुन. एक तर जाताना थुंकली.

"बाई, माझं गिऱ्हाईक घालवलंस की!" चाचा ओरडले. "आमच्यात बी न्हाय भरत. ही माझी लेक बघ, हिचा बी नवरा गेला. दिसभर दुसरीच्या हातासाठी जोड लावती. हिच्या हातात एक तरी हाय का?"

मी पाहिलं. पोरीचं वय विशीच्या आतलं, आणि दोन्ही मनगटं ओकीबोकी. माझं डोकं असं फिरलं की विचारू नका.

"मग चाचा, आधी हिच्या भरा. माझ्या मागनं. मी बसते."

"येडी हायस का?"

"व्हय."

आणि बसले तिथंच, पोत्याच्या कडेला. लोक जमले, कुणी हसलं, कुणी शिव्या दिल्या. चाचा "ऊठ की, बाई" म्हणून हात जोडू लागले. मी माझं जात्यावरचं गाणं म्हणत राहिले. प्रभूला म्हटलं, माझं झालं, आता तुझं तू बघ.

पोरीनं हातातला जोड खाली ठेवला. बापाकडे न बघता तिनं दोन्ही हात पुढे केले.

"अब्बा, भरा."

चाचांनी तिचा हात हातात घेतला. जन्मभर बायकांचे हात भरलेल्या त्या बोटांनी तिच्या मनगटाचं माप घेतलं. मग त्यांनी विचारलं, "कोणता रंग, बेटा?"