पळीभर पाणी

खिडकीतली तुळस पिवळी पडली होती आणि कुंडीवर बारीक चिलटं उडत होती. गावाहून आलेली आई घाबरली, "माझ्या हातून तुळस जाते की काय!"

मी मातीत बोट घातलं. चिखल झाला होता. घरातली पहिली पदवीधर मी, तीही शेतकीची.

"आई, अंगणातली जमीन तांब्याभर पाणी पिते. कुंडी कुठे पिणार? ओलीमुळेच ही चिलटं."

"तुळशीला पाणी न घालता चहा कसा घेऊ गं?"

"पळीभर घाल."

तीन आठवड्यांनी, आज कोवळी पानं फुटली. आई शेजारणीला म्हणाली, "आमची लेक झाडांची डॉक्टरीण आहे!" मजुरी करून मला शिकवणाऱ्या त्या हातात आता पळी आहे. पदवी खरी आज मिळाली.