मांडवाबाहेर गेलेलं गाणं

हसनाबादेत कुठं हळद असली की नवरदेवाच्या आधी कडूबाईची चौकशी व्हायची. आली का, कुठं बसली, तिला चहा दिला का. वाईट नजर लागू नये म्हणून आईबापांनी पोरीचं नाव कडू ठेवलं. गळा मात्र नावाला जागला नाही. शेळ्यांमागं हिंडताना रानात मोकळा झालेला आवाज तो, त्याला कधी माइक लागला नाही. बायका परातीत हळद कालवायला बसल्या की कडूबाई पदर खोचायची आणि मांडवातल्या एकेकाला गाण्यातून सोलून काढायची. नवरदेवाच्या मामाचं सुटलेलं पोट, करवलीचा नखरा, पोलीस पाटलाची ढकलल्याशिवाय सुरू न होणारी मोटारसायकल. बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडायच्या. पडद्यापलीकडचे पुरुष आपलं लक्षच नाही असं दाखवायचे, आणि ज्याचं नाव गाण्यात आलं नाही तो गडी लग्न उरकेपर्यंत फुगून बसायचा.

ह्या गाण्यांना आमच्याकडं शिव्याच म्हणतात. पण शिवी द्यायची म्हणून तोंडाला येईल ते बोलायचं, असं नाही. कडूबाईला हे सगळं तिच्या सासूनं शिकवलं होतं आणि सासू भारी कडक होती. जो मांडवात हजर आहे त्याचंच नाव घ्यायचं. ज्याचं नाव घेतलं त्यानं साखरेची ताटली आत पाठवायची, आणि ताटली आली की गाणारणीनं त्याच्यासाठी एक गोड कडवं म्हणायचं. तेवढं झालं की शिवी फिटली, कोणाच्या मनात काही राहिलं नाही. जो हजरच नाही तो बिचारा साखर कुठून पाठवणार, म्हणून त्याचं नाव काढायचं नाही. कडूबाईनं आयुष्यभर हा नियम पाळला, आणि मोडला तेव्हाही आपण तो पाळतोच आहोत असंच तिला वाटत होतं.

कडूबाईला एकच लेक, रेणू. पोरगी लहानपणापासून महाबोलकी. शाळेतून आली की दप्तर एकीकडं, चपला एकीकडं, आणि हिची गाडी सुरू. बाप सांडू वैतागून म्हणायचा, "आगं, जरा दम घे, उद्याला ठेव काई." जालन्याला लग्न होऊन गेली तरी ती सवय गेली नाही. दुपारी घरातली कामं आवरली की रेणूचा फोन यायचा आणि कडूबाई शेळ्या लिंबाखाली बांधून, फोन कानाला लावून, बांधावर बसायची. सासरी काय शिजलं, सासू काय म्हणाली, नवरा भारत कशावरून रुसला, पोटातलं बाळ आता कसं ढुशा मारतं, सगळं. ह्या फोनशिवाय कडूबाईचा दिवस जात नसे. नवऱ्याशी तिचं बोलणं शेळ्या आणि कपाशीपुरतं होतं. खरं बोलणं काय ते लेकीशी.

अशाच एका दुपारी रेणूनं सासऱ्याची गोष्ट सांगितली. सासरे रामराव एमआयडीसीतल्या एका लोखंडाच्या कारखान्यात मुकादम. भरघोस मिशी, आवाज असा की गेटवर ओरडले तर आतला ट्रकवाला ब्रेक दाबेल. सासू गिरिजाबाईंचा उजवा हात लकव्यानं गेला होता. नव्या सुनेनं आपली लुगडी धुवावीत याची त्या बाईला फार लाज वाटायची.

"आई, तुला सांगते, मामंजी समद्यांच्या आधी उठतेत आन् आत्याबाईचे लुगडे धुऊन टाकतेत," रेणू म्हणाली. "कोणी उठायच्या आत दोरीवर. मी एक डाव पाहिलं तं मलाच लाजले."

"बाई गं! येवढा मिशीवाला माणूस?"

"आगं, लई जीव हाये त्यांचा."

दोघी मायलेकी हसल्या, आणि हसता हसता कडूबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. पोरगी चांगल्या घरी पडली याचा तिला याहून मोठा पुरावा नको होता. कोणाला सांगू नको, असं रेणू म्हणाली नाही. आईला ते सांगावं लागतं का?

त्यानंतर कडूबाईच्या पुतण्याचं, गोरक्षनाथचं लग्न निघालं. रेणूला सातवा महिना लागला होता आणि डॉक्टरांनी महिनाभर गाडीचा प्रवास नको म्हणून बजावलं होतं. चुलतभावाची हळद आणि आपण नाही, म्हणून पोरगी फोनवर रडली. तेव्हा गोरक्षनाथचा थोरला भाऊ पप्पू, जो टेम्पो चालवतो आणि ज्याला फोनमधलं सगळं कळतं असा त्याचा स्वतःचा समज आहे, तो म्हणाला, "रडते कशाला? काकूच्या फोनवरून व्हिडिओ कॉल लावतो, समदा मांडव दावतो तुला."

आणि त्यानं खरंच लावला. मांडवाच्या खांबाला कडूबाईचा फोन सुतळीनं बांधला. त्यात रेणू दिसत होती, तिच्या एका बाजूला गिरिजाबाई, दुसऱ्या बाजूला मुद्दाम नवा सदरा घालून बसलेले रामराव. मांडवातल्या बायका येऊन येऊन फोनपुढं हात जोडत होत्या, रेणूला पोटाकडं बघून खुणा करत होत्या. दोन-तीन गाणी झाल्यावर कोणीतरी ओरडलं, "कडूबाई, व्याह्याला सोडता व्हय? समोरच तं बसलेत!"

कडूबाईनं फोनकडं पाहिलं. व्याही समोर होते. हसत होते. त्यांना ऐकू येत होतं, त्यांना उत्तर देता येत होतं. मांडवात हजर असणं म्हणजे आणखी काय असतं? तिनं पदर खोचला.

"आला गं बाई आला, व्याही पाण्यावरी,
विहिणीचं लुगडं त्याच्या डोईवरी.
चोळ चोळ चोळितो, पिळून वाळवितो,
मिशीवरचा फेस मंग कोन गं पुशितो?"

मांडवात असा हशा उठला की परातीतली हळद सांडली. फोनमध्ये गिरिजाबाईंनी पदर तोंडावर घेतला, त्याही हसतच होत्या. रामराव आधी लाल झाले, मग उठले, आत जाऊन साखरेचा डबा घेऊन आले आणि चिमूटभर साखर सुनेच्या तोंडात घालून म्हणाले, "घ्या विहीणबाई, तुमच्या लेकीला चारली, तुमाला पोचली!" काय शोभला तो माणूस त्या क्षणी! कडूबाईनं लगेच गोड कडवं घेतलं.

"दुखऱ्या हाताला हात त्याचा झाला,
रेणूला माझ्या बाप दुजा मिळाला."

बायकांनी डोळे पुसले. शिवी फिटली, साखर पोचली, सगळं रीतीप्रमाणं झालं. ह्या घटकेपर्यंत कोणाचंच काही चुकलं नव्हतं.

पप्पूनं मात्र आपल्या स्वतःच्या फोनवर हे सगळं टिपून घेतलं होतं. त्यातला मिशीवरच्या फेसाचा तुकडा कापून, मागं ढँढँ वाजणारं संगीत घालून त्यानं तो आपल्या स्टेटसला ठेवला. पोराच्या मनात पाप नव्हतं. पण अक्कलही नव्हती, आणि हल्ली अक्कल नसली तरी जगभर पोचता येतं. गोड कडवं त्यात नव्हतं. त्याला हसू येत नाही, मग ते कोण ठेवणार? कोणीतरी तो तुकडा उचलला, खाली रामरावांचं नाव आणि कारखाना लिहिला आणि दुसऱ्या गटात टाकला. तिथून तो तिसरीकडं गेला. वरात घरी पोचायच्या आत जालन्यातल्या त्या कारखान्याच्या गेटवर, चहाच्या टपरीवर, पाळी बदलताना, पोरं फोन कानाशी धरून तेच गाणं ऐकत होती.

"मुकादम, आमच्या घरचं बी एक लुगडं हाये बरं का!" रामरावांच्या हाताखालची पोरं म्हणायला लागली. ज्या माणसाच्या नुसत्या खाकरण्यानं ती पोरं कामाला लागायची, त्याच्याच पाठीमागं आता बोटांनी मिशीवरचा फेस पुसून दाखवायची. रामराव कोणावर ओरडले नाहीत. घरी आले, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी लुगडी धुवायचं बंद केलं.

हे कडूबाईला कळायला वेळ लागला, कारण रेणूचा फोनच बदलला होता. म्हणजे यायचा रोज, त्याच वेळेला. पण "आई, काय करून राह्यली? जेवली का?" एवढं झालं की पुढं शांतता. पलीकडं कपबशी वाजायची, कोणी खोकायचं. कडूबाईनं विचारलं, "आवाज असा लांबून काहून येतो गं?" तर रेणू म्हणाली, "स्पीकरवर हाये, आई." भारतनं तसं सांगितलं होतं. भांडला नव्हता, हात उगारला नव्हता. एवढंच म्हणाला होता की आमच्या घरातली गोष्ट गावभर झाली, ती कुठून गेली ते समद्यांना माहीत आहे, तर आता जे बोलायचं ते समद्यांसमोर बोल. गिरिजाबाईंनी तर सुनेला एकदाच विचारलं होतं, "तू आईला माझं आनखी काय काय सांगितलं?"

कडूबाईनं पप्पूला धरून दारात उभं केलं आणि असं झोडपलं शब्दांनी की त्या मांडवातल्या शिव्या कौतुक वाटाव्या. त्यानं स्टेटस कधीच काढलं होतं. "काकू, माझ्याकडचं काढलं. लोकाच्या फोनमधलं कसं काढू?" तो रडकुंडीला आला. मग भरपाई म्हणून त्यानं गोड कडवंही टाकलं. ते भावकीतल्या चार बायकांनी पाहिलं. पुढं कोणी पाठवलं नाही.

शेवटी कडूबाई उठली आणि किलोभर साखर घेऊन एसटीनं जालन्याला गेली. गेली तेव्हा रेणू नळाशी बसून लुगडं पिळत होती. सातवा सरत आलेला, पोटामुळं तिला नीट वाकताही येत नव्हतं. आईला पाहून ती हसली आणि लगेच दाराकडं बघितलं. कडूबाईनं तिच्या हातातलं लुगडं घेतलं, स्वतः पिळून दोरीवर टाकलं आणि आत जाऊन रामरावांच्या पायाशी साखरेचा पुडा ठेवला. माणूस चटकन मागं सरला.

"आहो, असं करू नका विहीणबाई. तुमी गायल्या तवा मी हसलोच की. तुमच्यावर राग न्हाई, बिलकुल न्हाई."

"मंग दादा, लुगडे काहून सोडले? तुमी काई वंगाळ करत न्हवते."

रामरावांनी मिशी चाचपली. "वंगाळ न्हवतंच. मी ते चोरून बी करत न्हवतो. पन सांगत बी न्हवतो कोणाला. माझं आन् हिचं होतं ते. आता दोरीवर लुगडं टाकतो म्हणलं की गेटवरचे पोरं दिसतेत डोळ्यापुढं."

पलंगावर बसलेल्या गिरिजाबाई भिंतीकडं बघत होत्या. चहा झाला. मानपान बराबर झाला. त्या दिवशी मायलेकींना एकांत असा मिळालाच नाही, आणि परतीच्या एसटीत कडूबाईला वाटत राहिलं की त्या घरचे शिव्या देऊन मोकळे झाले असते, ओरडले असते, तर त्यावर काही बोलता तरी आलं असतं. चांगल्या माणसाचा चांगुलपणा आपल्या तोंडामुळं बंद पडला, हे दुःख तिला कोणाजवळ उगाळताही येईना. ते ज्या लेकीला सांगावं, तिचा फोन तर स्पीकरवर.

त्यानंतर गावात दोन हळदी झाल्या. कडूबाईला मानानं बोलावलं, ती गेली, गणपतीचं आणि खंडोबाचं गाणं म्हणून हळदीचे हात धुऊन बाजूला बसली. बायकांनी लई आग्रह केला. पण गंमत अशी की त्यांचंही कोणाचं तोंड मोकळं सुटेना. एखादीनं ओळ सुरू केली की बाकीच्या आधी कोणाच्या हातात फोन आहे ते बघायच्या. मग डीजे लागला, आणि सगळ्यांना सुटल्यासारखं वाटलं.

आठव्यात रेणू बाळंतपणाला माहेरी आली. पाठवायला रामरावांनीच सांगितलं. भारत जीपमधून सोडून गेला. कडूबाईनं घर झाडून काढलं होतं, पोरीच्या आवडीची ज्वारीची धपाटी केली होती, आणि मनात एकच गोष्ट घोळवत होती: आता मधे फोन नाही, स्पीकर नाही. दुपारी सांडू रानात गेला. कडूबाईनं घरातले फोन बंद करून आतल्या पेटीत ठेवले, दार लावलं, आणि रेणूचे सुजलेले पाय मांडीवर घेऊन तेल लावायला बसली. पायाला तेल चोळता चोळता वाट बघत राहिली. शेळ्या रवंथ करत होत्या. रेणू पत्र्याकडं बघत पडून होती.

"सासूबाई कशा हायेत?"

"बऱ्या हायेत."

"लुगडे कोन धुतं आता?"

"धुतेत कोणीतरी."

"भारत? त्यो नीट वागतो ना तुझ्यासंगं?"

"समदं बराबर हाये, आई."

कडूबाईचा हात थांबला. "रेणू, पोरी, बोल की गं पैल्यासारखं. फोन पेटीत हायेत. दार लावलं. हितं कोणी कोणी न्हाई."

रेणूनं मान वळवून आईकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

"तू हायेस ना, आई," ती म्हणाली.

कडूबाईनं तिचा दुसरा पाय मांडीवर घेतला आणि पुन्हा तेल लावायला लागली.