व्हय म्हाराजा म्हणण्याआधी

नकाशा टेबलावर पसरला की बाई चपला काढायच्या. मग हात जोडून गाऱ्हाणं घालायच्या. देवळात घालतात तसंच, फक्त समोर देव नसे, कागद असे. "बा म्हाराजा, ह्या लेकरान रांधपाची खोली पश्चिमेक काढल्यान हा. सांजचा ऊन म्हाताऱ्या आवशीच्या डोळ्यार येतला, तरी जागा वाचता म्हणून ह्या आमका पटता..." आणि पटलं असेल तर ऑफिसातल्या आम्ही सगळ्यांनी म्हणायचं, "व्हय म्हाराजा." कुडाळात घरांचे नकाशे करणाऱ्या या बाईंना गाव गाऱ्हाणेबाई म्हणायचा. त्यांना ते ठाऊक होतं, आणि त्याचं काही वाटत नव्हतं.

बाहेरच्याला ही थट्टा वाटेल. पण आमच्याकडे 'व्हय म्हाराजा' तोंडातून आपोआप निघतं. पुढच्याने देवाकडे काय मागितलं ते न ऐकताच मागची मंडळी साथ देतात. बाईंची भीती तीच. "थंय देव सांभाळून घेता," त्या म्हणायच्या, "हंय कोण सांभाळतलो?" म्हणून त्यांच्या गाऱ्हाण्याला एक नियम होता. ज्याला पटलं नाही त्याने गप्प राहायचं. एक जण जरी गप्प राहिला तरी काम तिथे थांबायचं, आणि त्या माणसाला कोणी हसायचं नाही.

मी नववीत शाळा सोडलेला. आंबोलीत रस्त्याकडेच्या टपरीवर बरीच वर्षं भजी तळली, मग सावंतवाडीला कॉम्प्युटरवर नकाशे काढायचा क्लास केला. बाईंकडे काम मागायला गेलो तेव्हा शिक्षणाची लाज वाटून मीच आधी सगळं सांगून टाकलं. त्यांनी एवढंच विचारलं, "भजी तेलात सोडलीस की परत पीठ होता काय तेचा?" मी नाही म्हणालो. "मग सोडण्याआधी इचार करतंस मां? हंय तेवढाच काम आसा."

खरंच तेवढंच होतं. बाई प्रत्येक निर्णय दोन बाजूंना ठेवायच्या, फिरवता येणारा आणि न येणारा. रंग, लाद्या, खिडकीचं दार कुठे उघडायचं, हे चहा निवायच्या आत ठरलं पाहिजे. जोतं, झाड आणि वाट यांना मात्र त्या घाई करू देत नसत. आम्ही नकाशेवाले बरोबर उलटं करतो, असं त्यांचं म्हणणं. लादीच्या रंगावर महिना घालवतो आणि जोतं कुठे घ्यायचं ते उभ्या उभ्या ठरवतो.

मग देवबागच्या दाजींचं काम आलं. खाडीच्या अंगाचं जुनं कौलारू घर पाडायचं आणि समुद्राच्या अंगाला पाहुण्यांसाठी दुमजली काँक्रीटची इमारत बांधायची. ऑफिसला मिळालेलं ते सगळ्यात मोठं काम. ते गेलं तर ऑफिस चालणं कठीण, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. बाईंनी गाऱ्हाणं घातलं. आमचा इंजिनियर शेखर मोठ्याने 'व्हय म्हाराजा' म्हणाला. समोर बसलेले दाजीही म्हणाले. माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही.

शेखर म्हणाला, "बाई, हेच्या मनात आंबोलीचो पावस पडता. तो कधी थांबलो हा?" बाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि मला कारण विचारलं. कारण माझ्याकडे नव्हतं. समुद्रातलं मला काय कळतंय! भीती वाटते, एवढंच म्हणालो.

"बरा," बाई म्हणाल्या, "त्या भीतीचो पत्तो काढूया."

नंतर किती तरी सकाळी आम्ही देवबागला जाऊन बसलो. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये वाळूची पट्टी. बाई दिसेल त्याला विचारायच्या, पूर्वी पाणी कुठवर येई? कोणी म्हणे समुद्र घेतो, कोणी म्हणे घेतलेलं परत आणून टाकतो. नक्की कोणालाच सांगता येईना. बाईंनी त्यातूनच निर्णय घेतला. जुनं घर ठेवा, त्यांनी दाजींना सांगितलं, आणि समुद्राकडे लाकडाच्या हलक्या खोल्या करा, वेळ आली तर सुट्या करून मागे आणता येतील अशा. "रेती फिरता, दाजी. तिच्यार फिरणाराच ठेवया."

दाजी रागावले नाहीत, पण दुखावले. "बाई, पावण्यांका माडयेर झोपाचा आसता. खोपीत झोपाक ते हंय कित्याक येतीत?" बाई काँक्रीटला तयार झाल्या नाहीत. दाजींनी काम दुसरीकडे दिलं.

ऑफिस त्यानंतर सावरलं नाही. शेखर गोव्याला गेला, बाईंनी गाळा सोडून घराच्या पडवीत टेबल मांडलं, आणि मला ओळखीतून मस्कतला काम मिळालं. पहिल्या रजेवर आलो तेव्हा देवबागला जाऊन आलो. इमारत उभी होती, वरच्या कठड्यावर पाहुण्यांचे टॉवेल वाळत होते. बाईंना भीत भीतच सांगितलं. त्या म्हणाल्या, "उभी आसा मां? बरा झाला. आत माणसा निजतत." आपलं बरोबर होतं की चूक, यावर त्या कधीच बोलल्या नाहीत. त्या दिवशी जेवढं कळत होतं तेवढ्यावर ठरवलं, एवढंच त्यांचं म्हणणं.

गेल्या वर्षी बाई गेल्या. शेखरने फोनवर सांगितलं तेव्हा मी इथे मस्कतला कोणाच्या तरी घराचा नकाशा काढत होतो. हातातलं काम ठेवलं आणि खिडकीशी जाऊन बसलो. डोळ्यांसमोर आलं ते कुडाळ स्टेशन, मी गाव सोडला त्या दिवशीचं.

बाई पोचवायला आल्या होत्या. तोवर कित्येक महिने मी एकच गोष्ट मनात घोळवत होतो. दोन शब्द म्हणालो असतो तर ऑफिस राहिलं असतं. शेवटी गाडीच्या दारात उभं राहून बोलायला लागलो, "बाई, मी त्या दिवशी..."

त्यांनी मला पुढे बोलू दिलं नाही. "तू गप ऱवलंस, ता तुझा काम होता. नाय म्हटलंय ती मी. तो नकार माझो आसा. तो तुका परमुलखात न्हेवक मी देवचंय नाय."

गाडी हलली तशा त्या दोन पावलं बरोबर चालल्या, हातातली कापडी पिशवी वर दिली आणि म्हणाल्या, "आत कोकमाच्या आगळाची बाटली आसा. उभी धर, सांडात."